वयनी, जरा बाजूला

मे महिना आला की माझं डोकं फिरतं. उन्हाने नाही. शहापूर-मुरबाडच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक! डोकं फिरतं ते गिऱ्हाइकांच्या एका प्रश्नाने. शहापुरात बाजाराच्या टोकाला माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि अलीकडे जुन्या व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवून द्यायचं काम. शाळांचे निकाल लागले की लोक येऊ लागतात. कुणी माळ्यावर सापडलेली कॅसेट घेऊन येतं, जी लावायला घरात आता काहीच उरलेलं नसतं. कुणी हा प्रश्न घेऊन येतं : "ताई, सुट्टीत फिरायला चाललोय. हलका, परवडेल असा कॅमेरा कुठला घेऊ? कॅसेटवाला, सीडीवाला, की कार्डवाला?"

मी उत्तर देते. नीट देते, धंदाच आहे माझा. पण आतून चिडलेली असते. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. उत्तर बरोबर दिलं होतं आणि ते कुणी ऐकलं नव्हतं. त्यानंतर जे झालं त्यात माझा हात केवढा होता, ते गिऱ्हाइकाला सांगायची गरज नसते.

आमचं गाव मुरबाडहून म्हशाकडे जाताना लागतं. अंगणात उभं राहिलं की समोर सिद्धगडाचा डोंगर, मे महिन्यात करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. शहरातली माणसं मेला सुट्टी म्हणतात. आमच्याकडे ती अगोट. पावसाळ्याआधी सगळं घरात भरून ठेवायचं. लाकूडफाटा, गोवऱ्या, कांदे, सुकी मासळी, मसाला, पापड. पेरणीच्या आधी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन जाळून घ्यायची. त्या धुराने आईचे डोळे महिनाभर लाल असत. मिरच्या कांडून हाताची आग होई, ती रात्री थंड पाण्याच्या टोपात हात घालून बसे. बाहेर करवंदांचा वास, आत मसाल्याचा ठसका. माझी बाळपणीची सुट्टी ही अशी. आईला तर सुट्टी हा शब्द फक्त आमच्या शाळेमुळे माहीत.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत वसंतकाकाने ठरवलं की आपण सगळ्यांनी समुद्राला जायचं. काका अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. कल्याणला कंपनीत नोकरी, तिथेच ब्लॉक, बायको आणि दहा वर्षांची मुलगी पिंकी. अप्पांनी शेती केली म्हणून काका शिकला, हे अप्पा कधी बोलून दाखवत नसत आणि काका कधी आठवत नसे. चैत्रातल्या एका रविवारी तो पडवीत बसून म्हणाला, "दादा, फॅमिली टूर आहे तर शूटिंग पायजेच. आपण दोघांनी मिळून कॅमेरा घेऊ. छोटा, हातात मावंल असा. लग्नातल्या शूटिंगवाल्यासारखं खांद्यावर धोंडा कोण घेऊन फिरणार?"

मी तेव्हा शहापूरच्या एका फोटो स्टुडिओत काम करत होते. गावाहून रोज एसटीने जायची. लग्नाचं शूटिंग मालक करत, मी आत कॅसेट उतरवायचं, नावं टाकायचं काम करी. घरात या विषयातलं कळणारी मी एकटी. म्हणून अप्पा म्हणाले, "सुनंदाला विचार. ती रोज त्यातच असते."

मी उत्साहाने सांगायला बसले. तेव्हा खिशाला झेपणारे दोनच प्रकार होते. एक व्हीएचएस-सी. त्याची कॅसेट छोटी, पण एका खोक्यात बसवली की ती नेहमीच्या व्हीसीआरमध्ये लागायची. दुसरा एट एमएम. कॅसेट आणखी छोटी, चित्र थोडं चांगलं, पण ती व्हीसीआरमध्ये लागतच नसे. कॅमेऱ्यालाच वायर जोडून टीव्हीवर बघायची.

"काका, व्हीएचएस-सी घे," मी म्हटलं. "मुरबाडहून व्हीसीआर भाड्याने आणला की आमाला इथे बघता येईल."

"अगं, तिची कॅसेट अर्ध्या-पाऊण तासात संपते. मी शूटिंग करू की कॅसेट बदलत बसू? एट एमएमची दीड तास चालते."

"पण ती बघायची कशात? व्हीसीआर अँटेनाच्या जागी लागतो, पण कॅमेऱ्याची वायर घालायला आमच्या टीव्हीला भोकच नाय."

काका हसला. "मग या की कल्याणला. माझ्या टीव्हीला हायत भोकं."

सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, त्या वेळीच उठून भांडायला हवं होतं. कॅसेट ज्याच्या घरी लागते, सुट्टी त्याच्याच घरी राहते. बावीस वर्षांच्या मुलीला हे नेमक्या शब्दांत मांडता आलं नाही, एवढंच. अप्पांनी भाताच्या पैशातून निम्मा वाटा दिला. पंधरा दिवसांनी काका ओळखीतल्या कुणाकडून दुबईहून आलेला एट एमएम घेऊन आला. काळा, चकचकीत, पट्ट्यात मनगट अडकवायचा. "घेतला," म्हणाला. संपलं.

आम्ही मुरबाडचे, निघालो मुरुडला. जीपमध्ये या नावावरून सगळ्यांनी पुन्हा पुन्हा विनोद केले. आईने अगोटीची कामं उरकण्यासाठी आधीचे आठ दिवस पहाटेपासून राबून पाठ मोडून घेतली होती. तिने हिरवं नऊवारी लुगडं काढलं होतं, ते लग्नाकार्याचं. रेतीवर पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. आई चप्पल हातात घेऊन पाण्याच्या कडेला गेली आणि उभीच राहिली. लाट आली, तिचे पाय भिजवून मागे गेली. ती दचकली, मग खाली बघू लागली. पुन्हा लाट आली.

"गो सुनंदे," तिने मला हाक मारली, "बघ, पानी मागं जाताना पायाखालची रेती वढून न्हेतंय. जमीनच जाते की गो!"

पन्नाशीच्या आसपासची बाई. आयुष्यभर चिखलात पाय रोवून लावणी केलेली. जमीन पायाखालून सरकते आणि आपण पडत नाही, याचं तिला इतकं नवल वाटलं की ती काळोख पडेपर्यंत तिथून हलली नाही.

तिथल्या दोन दिवसांत काकाने पुष्कळ शूटिंग केलं. पिंकी किल्ला बांधताना, काकू नारळपाणी पिताना, अप्पा टोपी सावरताना. आणि समुद्राचं. झूम करून बघायच्या नादात त्याने समुद्रच वीस मिनिटं घेतला, असं तो जेवताना सांगत होता.

परत आलो. राब झाले होते, पाऊस आला, पेरणी, मग लावणी. आई कमरेतून वाकलेली असताना मधेच विचारी, "ती कॅसेट कधी दाखवनार भावजी?" अप्पांनी दोनदा निरोप धाडला. काकाचं उत्तर ठरलेलं : "या की कल्याणला." लावणी टाकून कल्याणला कोण जातं?

"मना माझा फोटो नको गो," आई मला म्हणाली. "ते पानी तेवढं परत बघायचं हाय."

हे तिने मला सांगितलं होतं. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

लावणी संपल्यावर श्रावणातल्या एका रविवारी मी एकटीच कल्याणला गेले. काकाच्या घरी कॅसेटचा खेळ चालूच होता. शेजारची तीन-चार माणसं सोफ्यावर, हातात चहा, टीव्हीवर आमचा मुरुड. मीही भिंतीला टेकून बसले.

कॅमेऱ्याचा माइक ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याचाच आवाज सर्वांत मोठा पकडतो. हे मला धंद्यामुळे माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. चित्रात काका कुठेच नव्हता आणि तरी सगळीकडे तोच होता. पिंकीच्या किल्ल्यामागून आई पाण्याची कळशी घेऊन येते. काकाचा आवाज : "वयनी, जरा बाजूला." आई सरकते. जेवायला बसलेत सगळे, आई वाढतेय. "वयनी, जरा बाजूला व्हा, मागचं दिसू दे." जीपपाशी सगळे उभे. "वयनी, तुमी जरा बाजूला, लुगडं येतंय मधी." आई प्रत्येक वेळी लगेच बाजूला होत होती. चूक झाल्यासारखं हसून. दीड तासात नऊ वेळा. नवव्यांदा तर काकाने सांगायच्या आधीच ती सरकली.

सोफ्यावरच्या एका बाईंनी विचारलं, "ही कोण हो? कामाला नेलेली का बाई?"

मी काकाकडे बघितलं. काकूने बशीतली बिस्किटं सारखी केली. काका हसून म्हणाला, "नाय नाय, गावची आहेत आमच्या."

गावची आहेत! ज्या बाईने त्याच्या शिक्षणासाठी स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या उतरवून दिल्या, तिला "माझी वहिनी" म्हणायला त्याची जीभ उचलेना. पुढे पडद्यावर समुद्र आला, लाटा येत राहिल्या, शेजारीण म्हणाली, "हे पुढे घ्या हो, नुसतं पाणीच आहे," आणि काकाने पुढे घेतलं. ते मला दिसलं पण माझ्या मनात शिरलं नाही. मी नऊचा आकडा धरून बसले होते.

निघताना मी गोड आवाजात म्हणाले, "काका, कॅमेऱ्याचं हेड मळलंय. चित्रात रेघा येतायत. आमच्या मालकांकडून साफ करून आणते. गणपतीला तू घरी येशील तेव्हा परत घे." त्याने कॅमेरा दिला. कॅसेट आतच होती.

स्टुडिओत दुपारी दोन ते चार सामसूम असे. मालक जेवायला घरी जात. मी कॅमेऱ्याची वायर व्हीसीआरला जोडली, कोरी कॅसेट टाकली आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसले. "वयनी, जरा बाजूला" आलं की सोडायचं, संपलं की थांबवायचं. एकामागे एक नऊ तुकडे. मधलं सगळं गाळलं. पिंकीचा किल्ला, अप्पांची टोपी, समुद्र. समुद्र आला तेव्हा मी चक्क बोटाने बटण दाबून पुढे ढकलत होते. त्या शेजारणीसारखीच. सगळी कॅसेट उतरवायला फक्त दीड तास लागला असता. कॅमेरा माझ्याकडे दोन आठवडे होता. तरी मी ते केलं नाही. मला तेव्हा इतकी मजा येत होती की दुसरं काही सुचलंच नाही. राग आलेल्या माणसाला मजा येते, हे कुणी कबूल करत नाही. मी करते.

गणपतीत घर भरलेलं. काका, काकू, पिंकी, भावकीतली माणसं, शेजारच्या बायका. मी मुरबाडहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. दुपारी आरती, जेवणं झाली आणि मी जाहीर केलं, "मुरुडची कॅसेट लावते."

आई ओट्यावरून भराभर हात पुसत आली. ती कधी पुढे बसत नसे. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर, मांडी घालून बसली. पदर सारखा केला. जणू पडद्यातून तिलाही कुणी बघणार होतं.

मी बटण दाबलं.

"वयनी, जरा बाजूला." आई सरकली. "वयनी, जरा बाजूला व्हा, मागचं दिसू दे." आई सरकली. "वयनी, तुमी जरा बाजूला..." तिसऱ्यांदा कुणीतरी फिस्सकन हसलं. चौथ्यांदा हसू थांबलं. पाचव्यांदा काकाने मान खाली घातली. काकू पिंकीला घेऊन उठली. मी व्हीसीआरपाशी उभी राहून काकाच्या तोंडाकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही.

"बंद कर ते," अप्पा म्हणाले.

"चालू दे," आई म्हणाली. "पुढं असंल."

पुढे काही नव्हतं. नववा तुकडा संपला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. आई त्या मुंग्यांकडे बघत थोडा वेळ बसली. मग वळून मला विचारलं, "आनि समुद्र?"

उत्तर काकाने दिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाजात धार होती. "मी घेतलेला वयनी. वीस मिनिटं घेतलेला. हिनं काढून टाकला."

त्याने मला हरवलं तिथे. माझ्याच घरात, माझ्याच भाड्याच्या टीव्हीसमोर. मी काहीतरी बोलले, मोठ्याने बोलले. "कामाला नेलेली बाई" हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. काका म्हणाला, ते मी नाय बोललो. मी म्हटलं, तू खोडलंस पण नाय. अप्पा ओरडले, गणपती बसलाय घरात, गप बसा. भावकीतली माणसं एकेक करून चपला शोधू लागली. काकाने कॅमेरा उचलला, आतली कॅसेट आहे का ते बघितलं आणि विसर्जनाला न थांबता त्याच संध्याकाळी बायको-मुलीला घेऊन एसटीत बसला.

आई चुलीपाशी मोदकांची भांडी घासत होती. मी जवळ गेले. मला वाटत होतं, ती रडेल आणि मी तिला जवळ घेईन. ती रडत नव्हती.

"त्यो काय बोलतो ते मना तिथंच कळत व्हतं," ती म्हणाली. "मी काय बहिरी हाय? समुद्र बघायला मिळाला म्हनून मी सरकत व्हते. तुला त्याला मारायचं व्हतं, मना पुढं धरलास. शेजारच्या बायांना ठाऊक नव्हतं, आता सगळ्या गावाला झालं."

"आई, तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी समुद्र आनायचा व्हतास."

तिने भांड्यावरचा हात थांबवला नाही. राखेचा तो खसखस आवाज मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता.

दोन घरांचं बोलणं बंद झालं. मी मुरबाडच्या एसटीडीवरून काकाला फोन केला, फक्त एकदा. कॅसेट पाठव, पूर्ण उतरवून परत देते, म्हटलं. तो म्हणाला, "तुझी कापाकापी हाय ना? तीच बघा." आणि फोन ठेवला. हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत पिंकी भेटली. काका कॅमेरा घेऊन बैलांच्या बाजारात फिरत होता. आमच्याकडे त्याने बघितलं नाही. पिंकीला मी कॅसेटचं विचारलं. ती पोर सहज बोलून गेली, "कॅसेट एकच आहे ना ताई. पप्पा त्याच्यावरच घेतायत. मुंबईशिवाय मिळत नाही ती." मुरुडच्या समुद्रावर म्हशाचे बैल चालत होते. काकाने हे डूख धरून केलं की त्याच्याकडे खरंच दुसरी कॅसेट नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही. व्हीएचएस-सी घेतला असता तर... हे वाक्य मी एके काळी रोज म्हणायची. आता म्हणत नाही. आमच्या घरात जे होतं ते कुठल्याही कॅसेटवर उतरलं असतं.

काकाला मी माफ केलेलं नाही. अप्पांच्या आजारपणात तो येऊन गेला, आईने त्याला चहा दिला, त्याने "वयनी, तब्येत कशी हाय" असं विचारलं. आईचं आणि त्याचं बोलणं सुरू झालं, गौरीला काकू येऊ लागली. मी त्या दिवशी शहापूरला दुकानात थांबते. माझ्या सासरी हसतात, म्हणतात एवढ्याशा गोष्टीवरून! एवढीशीच गोष्ट आहे. माझा राग म्हातारा झाला नाही, तर मी काय करू?

मधल्या काळात माझं लग्न झालं, दुकान झालं. कॅमेरे लहान होत गेले. मी मिनी डीव्हीचा घेतला, बाजूला उघडणाऱ्या छोट्या पडद्याचा, शूटिंग करतानाच सगळ्यांना बघता येईल असा. खूप विचार करून निवडला. आईला म्हटलं, चल, मुरुडला जाऊ. पण तोवर तिच्या गुडघ्यांनी दावा मांडला होता. पायरी चढायची तर हात टेकून. "तू जाऊन ये," म्हणाली.

मागच्या मे महिन्यात मी गेले. नवऱ्याला आणि मुलांना हॉटेलवर ठेवलं आणि उतरत्या दुपारी एकटी पाण्याच्या कडेला उभी राहिले. त्याच जागी, जितकी आठवत होती तितकी. कॅमेरा पायांकडे धरला. लाट येताना, पाणी मागे जाताना, रेती ओढली जाताना. पुरती वीस मिनिटं, न थांबवता. पॉजला बोट लावलं नाही. मागून येणाऱ्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं नाही. ती आली आणि गेली, सगळी राहू दिली.

ती कॅसेट, कॅमेरा आणि वायर घेऊन गावी गेले. आमच्या टीव्हीला आता सगळी भोकं आहेत. आईला खुर्चीत बसवलं, दार लोटून घेतलं, कारण बाहेर राबाचा धूर होता. तिने हनुवटीखाली हात घेतला आणि बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी टीव्हीकडे बघत नव्हते. इतक्या वर्षांपूर्वी जिकडे बघायला हवं होतं तिकडे, तिच्या तोंडाकडे बघत होते. तिथे काहीच हललं नाही.

"कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पन यो तो नाय."

"तोच आहे आई. तिथंच उभी राहून घेतलाय."

"आसंल. पन त्यात माझं पाय व्हतं."

मी उठले. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. राग आला, एवढं नक्की, पण कुणाचा ते कळलं नाही. मी टीव्ही बंद केला.

"बंद कशाला केलास गो?" आई म्हणाली. "लाव. आलाय तर यो पन बघते."